सात वाड्यांचं टेबल

सर मॉनिटरच्या काचेवर पट्टी ठेवायचे. स्टीलची, छापखान्यातली, कडा झिजलेली. डावीकडचं अंतर मोजायचे, मग उजवीकडचं, आणि दोन्हींत भाताच्या दाण्याएवढा फरक निघाला तरी म्हणायचे, "लंगडतंय." एवढंच. काय चुकलं, कुठे चुकलं, ते सांगायचे नाहीत. पट्टी खिशात घालून पुढच्या संगणकाकडे वळायचे. आपण पुन्हा कोड उघडायचा. ओळी-स्तंभांच्या एका टेबलाच्या आत टेबल, त्या टेबलाच्या आत आणखी एक टेबल. कुठल्या कप्प्याने जास्तीची जागा खाल्ली ते शोधत बसायचं.

मी त्या वर्गात दीड वर्ष होते. आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याला. सकाळच्या एसटीने महाडला यायचं, कॉलेज करायचं, दुपारी सरांच्या वर्गात बसायचं. दोन हजार तीन-चारची ही गोष्ट. महाडात तेव्हा संगणकाचे वर्ग दोन-चार होते, पण वेबपेज शिकवणारा हा एकटाच माणूस. लोक आजही त्यांचं नाव कौतुकाने काढतात. काढू देत. त्यांनी शिकवलं त्यावर मी आज जेवते, हे मी नाकारत नाही. पण कौतुक करणारे सगळे जण एक गोष्ट हटकून गाळतात, आणि गाळलेल्या गोष्टींवर गप्प बसायची सवय मला घरातून लागलेली नाही.

आधी त्यांच्या तऱ्हा सांगते, कारण माणूस कळायला त्या लागतात.

वर्गाच्या दाराबाहेर आम्ही चपला काढायचो. सर आत येताना त्या चपलांच्या जोड्या पायानेच सरळ करायचे, दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या. नऊ जोड्या असल्या तर नववी हातात घेऊन दोन क्षण उभे राहायचे. कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचा फोटो सरळ केल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. एसटीत शेवटच्या बाकावर पाच जागा असतात, त्यातली तिसरी त्यांची. घाटात त्या जागेवर धरायला काही नसतं. प्रत्येक वळणाला माणूस कंडक्टरच्या अंगावर जातो. कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, खिडकीला बसा की, सगळी गाडी मोकळी हाय." सर म्हणायचे, "इथून दोन्ही बाजू दिसतात." दिसत काही नसे. समोरची मधली वाट तेवढी दिसे.

त्यांचा मूळ धंदा छापखान्याचा. चवदार तळ्यापासून चार मिनिटांवर, एका अरुंद गल्लीत त्यांचं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं. शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका, गावोगावच्या पूजेच्या पत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं छापायचे. तीस वर्षं हेच काम. मग ऑफसेट आलं, खिळ्यांना कुणी विचारेना, तेव्हा बावन्नाव्या वर्षी या माणसाने मशीन भंगारात घातलं, चार संगणक आणले आणि एक जाड पुस्तक समोर ठेवून एकट्याने वेबपेज करायला शिकले. हे धाडस होतंच. पण पुस्तक नवं आणि हात जुने. खिळ्यांच्या कामात ओळ मध्यावर आणायची म्हणजे दोन्ही बाजूंना कोरे तुकडे सारखे भरायचे. सरांनी पहिल्या वेबपेजवर तेच केलं. मथळ्याच्या डावीकडे तेवीस कोऱ्या जागा टाइप केल्या. त्यांच्या चौदा इंची मॉनिटरवर मथळा अगदी मध्यावर बसला. पट्टी लावून बघितला. मग ते पान घेऊन एका डॉक्टरांकडे दाखवायला गेले. डॉक्टरांकडे सतरा इंची मॉनिटर. तिथे मथळा डावीकडे सरकून बसलेला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या शटरवर कागद होता: "मध्य सापडेपर्यंत वर्ग बंद." कागद शटरच्या अगदी मध्यावर चिकटवलेला. तीन दिवस वर्ग बंद होता. चौथ्या दिवशी उघडला तेव्हा सरांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, टेबलावर नवा सतरा इंची मॉनिटर होता आणि ते म्हणाले, "आपलं पान आपल्या घरात उघडत नाही. वाचणाऱ्याच्या घरात उघडतं. त्याची भिंत केवढी, आपल्याला माहीत नाही. तरी मधोमध बसलं पाहिजे."

आम्ही वह्यांत लिहून घेतलं. वाक्य चांगलंच होतं.

आडवा मध्य नंतर सोपा झाला, एका टॅगने मिळायचा. उभा मध्य मात्र छळायचा. पानाला रुंदी असते, तळ नसतो. मजकूर जितका, तितकं ते खाली वाढत जातं. ज्याला तळच नाही त्याचा मध्य काढायचा कुठून? एका ब्राउझरमध्ये टेबल बरोबर मधे बसायचं, दुसऱ्यात वर छताला चिकटायचं. वर मराठीचा त्रास. मराठी फॉन्ट प्रत्येक संगणकावर नसायचा, म्हणून नावं चित्रं करून चिकटवायची, आणि प्रत्येक चित्राची रुंदी वेगळी. सर यावर दिवसचे दिवस घालवायचे. पान कशाबद्दल आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. "मजकूर तुमचा, मांडणी माझी," हे त्यांचं ब्रीद. मजकूर मी वाचत नाही, असं ते अभिमानाने सांगायचे. जसं एखादा सांगतो, मी दारू पीत नाही.

हे ब्रीद मी लहानपणापासून ऐकत होते, कारण माझे बाबा पत्रकं काढायचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते हेल्पर होते. पगारवाढ असो, विहिरीचा वाद असो, शाळेतल्या पोरांना मागे बसवण्याचा प्रकार असो, बाबा एक पान लिहायचे आणि सरांच्या छापखान्यात घेऊन जायचे. मी बरोबर असायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. बाबांचा मजकूर दाट. कडेपासून कडेपर्यंत अक्षरं.

"श्वास घ्यायला जागा सोडा हो," सर म्हणायचे. "वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो."

"गुदमरू दे," बाबा म्हणायचे. "आमचा किती वर्षं गुदमरतोय. मास्तर, एक शब्द कमी करायचा नाय."

"मग अक्षर बारीक करावं लागेल."

"करा. चष्मा लावून वाचतील."

दोघं असे तास तास भांडायचे आणि पत्रक छापलं जायचं. उत्तम छापलं जायचं. आणि त्याच आठवड्यात बाबांच्या विरुद्धचं पत्रकही त्याच छापखान्यात, तितक्याच प्रेमाने छापलं जायचं. बाबांना गावगुंड म्हणणारं ते पत्रक मी नऊ वर्षांची असताना हातात धरलेलं आहे. समास दोन्हीकडे सारखे होते. बाबांनी जाब विचारला तर सर म्हणाले, "मी वाचलं नाही." बाबा हसले. मला तेव्हाही हसू आलं नाही.

आता गावाची गोष्ट.

आमच्या भागातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ असतं. गावची निम्मी माणसं मुंबईत, त्यांचं मंडळ. मंडळाची वर्षाची पूजा, पूजेची छापील पत्रिका. आमच्या गावाच्या मंडळाने त्या वर्षी ठरवलं की गावाची वेबसाइट काढायची. मंडळाचे अध्यक्ष गावठाणातले, मुंबईत गोदीत नोकरीला होते. ते महाडला सरांकडे आले आणि छापील पत्रिका टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्यात हाय तसंच कॉम्प्युटरवर पायजे. वाड्यांची नावं ह्याच क्रमाने."

गावाच्या वाड्या सात. पत्रिकेवर सहा वाड्या दोन रांगांत, तीन आणि तीन, ठळक अक्षरांत: आधी गावठाण, मग देऊळवाडी, वरचीवाडी, खालचीवाडी, कोंडवाडी, धनगरवाडी. त्याखाली एक रेघ. रेघेखाली बारीक अक्षरात: "तसेच समस्त बौद्धवाडी ग्रामस्थ."

मी बौद्धवाडीतली. तो 'तसेच' मी दर वर्षी वाचत आले होते. आम्ही गावचेच. वर्गणी इतरांइतकी, श्रमदान इतरांइतकं, मतं इतरांइतकी. पण पत्रिकेवर गाव सहा वाड्यांचं, आणि आम्ही तसेच. बाबांनी यावर दोन पत्रकं काढली होती. पहिल्या वेळी त्यांना रस्त्यात अडवून शिव्या दिल्या. दुसऱ्या वेळी सायकल मोडली.

सरांनी ते काम मलाच दिलं. "गाव तुझंच आहे ना? कर." आणि मांडणीचा आराखडा स्वतः कागदावर काढून दिला. दोन स्तंभ, तीन ओळी, सहा वाड्या. सातवी खाली, दोन्ही स्तंभांची रुंदी एक करून, मधोमध.

"सर, ही वाडी खाली का?"

"सहा दोनांत बसतात. सातवा एकटा उरतो. एकट्याला मधोमध घ्यायचं. नियमच आहे."

"पण हीच का उरते?"

"पत्रिकेत शेवटी आहे."

"सर, शेवटी नाही. बाहेर आहे. मधे रेघ आहे."

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "रेघ काढून टाकतो. रेघेने पान तुटतं. आणि बाहेर कुठे? त्याच टेबलात आहे, कोलस्पॅन दोन, म्हणजे दोन कप्प्यांचा मिळून एक. उलट तुझी वाडी एकटी मधोमध आहे बघ. डोळा आधी तिथेच जातो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चवदार तळ्याच्या गावात जन्मलेला, पन्नाशी उलटलेला माणूस मला सांगत होता की तुम्हाला वेगळं बसवलंय, म्हणजे तुमचा मान मोठा. गावजेवणाला आमची पंगत वेगळी बसायची तेव्हाही गाववाले हेच सांगायचे: तुमची वेगळी, ऐसपैस, सावलीतली.

मी म्हटलं, "एकच स्तंभ करा. सात ओळी. बाराखडीप्रमाणे."

"लांबोडकं दिसेल. उजवीकडे ओसाड पडेल."

"मधोमध आणते."

"आडवा आणशील. उभा?"

"उभाही आणते. दोन्ही ब्राउझरमध्ये, दोन्ही मॉनिटरवर. आणला तर हीच मांडणी राहील. कबूल करा."

सरांनी पट्टी काढून हातावर आपटली. "आण."

मला चार दिवस लागले. वाड्यांची सात चित्रं केली, सगळी एकाच रुंदीची. ते टेबल एका मोठ्या टेबलाच्या पोटात घातलं. एका ब्राउझरमध्ये मधे आलं, दुसऱ्यात वर चिकटलं. उंची आकड्यात दिली तर लहान पडद्यावर धनगरवाडीच्या खालचं सगळं कापलं जाई, म्हणजे पुन्हा आम्हीच. चौथ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, पानाच्या कोडमधली सगळ्यात वरची ओळ, जी पुस्तकाने सक्तीची सांगितली होती, ती पुसून टाकली. आणि टेबल उतरून मधोमध आलं. दोन्हीकडे. सरांनी पट्टी लावली. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. मग म्हणाले, "बसलंय." त्यांच्या तोंडून हा शब्द मी दीड वर्षात दोनदा ऐकला.

लक्षात घ्या, त्यांनी मांडणी मान्य केली ती बसली म्हणून. मी बरोबर होते म्हणून नव्हे.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले आणि वेबसाइटचं उद्‌घाटन ठरलं. गावात इंटरनेट कुठलं? फ्लॉपीवर पान घेतलं, सरांचा सतरा इंची मॉनिटर पोत्यांत गुंडाळून जीपमधून नेला. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलावर मांडला, त्यावर नवी साडी झाकली, समोर नारळ. खोलीत गावठाण, देऊळवाडी, सगळे. आमची माणसं व्हरांड्यात, खिडक्यांना धरून उभी. कुणी त्यांना आत येऊ नका म्हटलं नव्हतं. कुणी या पण म्हटलं नव्हतं. आई खिडकीतून मला खुणावत होती, काय गो, जेवलीस का? तिला ठाऊक होतं पानावर काय आहे. आख्ख्या वाडीला ठाऊक होतं. म्हाताऱ्या बायासुद्धा आल्या होत्या, ज्यांना वाचता येत नाही त्या. आपलं नाव कुठे आहे ते कुणाकडून तरी बोट ठेवून बघायला.

साडी ओढली. टाळ्या झाल्या. अध्यक्ष पुढे वाकून वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मास्तर, हे काय? कोंडवाडी पयली? आमचं गावठाण तिसरं?"

"क, ख, ग," सर म्हणाले. "बाराखडी."

मागून कोंडवाडीचा एक जण म्हणाला, "बरोबर हाय की! बाराखडी काय मुंबयची हाय व्हय?" हशा झाला. अध्यक्षही हसले. गावठाणाचं त्यांनी कदाचित सोडूनही दिलं असतं. मग त्यांची नजर खाली सरकली. सहाव्या ओळीवर थांबली. धनगरवाडी, मग बौद्धवाडी, मग वरचीवाडी.

"ही मधे कशी आली?" हे हळू विचारलं.

"ध नंतर ब, ब नंतर व."

"तसं नाय चालत, मास्तर. पत्रिकेत हाय तसं करा. ही खाली घ्या."

"घेतो," सर म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढली, बसले, माउसवर हात ठेवला. दोन मिनिटांचं काम होतं, मला माहीत होतं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कारण काय?"

"कसलं कारण?"

"खाली घ्यायचं कारण. सात ओळी आहेत, सातही सारख्या. एक उचलून खाली नेली तर सगळं टेबल हलतं. हलवायचं तर कारण लागतं. सांगा, मी हलवतो."

"कारण काय नाय. पद्धत हाय तशी."

"कसली पद्धत?"

"पयल्यापासूनची."

"पहिल्यापासून का?"

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत शंभरेक माणसं असतील. प्रत्येकाला कारण माहीत होतं. घरात, शेतावर, पारावर जे कारण बिनदिक्कत बोललं जातं, ते त्या खोलीत एकाच्याही तोंडून निघेना. देऊळवाडीचे एक म्हातारे टोपी काढून तिच्या आत बघत बसले. आमचे काका खिडकीतून म्हणाले, "सांगा की अध्यक्ष! आमालापण ऐकायचाय. पन्नास वर्षं वाट बघतोय." बाहेर आमच्या बाया फस्सकन हसल्या. आत कुणी हसलं नाही.

"मास्तर, तुम्ही वयाने मोठे, म्हणून बोलत नाय," अध्यक्ष म्हणाले. आणि खाली पडलेली साडी उचलून त्यांनी स्वतःच्या हाताने मॉनिटरवर टाकली. कार्यक्रम संपला. नारळ फोडलाच नाही.

परतीच्या जीपमध्ये मी वाट बघत होते. हा माणूस आता काहीतरी म्हणेल. पोलादपूर आलं तेव्हा सर म्हणाले, "साडी तिरकी टाकली त्यांनी. काठ एका बाजूला लोंबत होता."

महाडभर बोभाटा झाला. मास्तरांनी भर सभेत गावाला गप्प केलं! काय हिंमत! बाबांच्या कारखान्यातसुद्धा तीच चर्चा. बाबा घरी येऊन म्हणाले, "मी हाच प्रश्न दोन पत्रकांत विचारला. तेव्हा कुणी गप्प बसलं नाय. अंगावर आले." त्यांनी डबा खाली ठेवला. "प्रश्न तोच गो," बाबा म्हणाले. "विचारणाऱ्याचं आडनाव वेगळं." तेव्हापासून सरांच्या हिंमतीची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी उठून जाते. आम्ही विचारलं की भांडण, त्यांनी विचारलं की हिंमत. आणि त्यांनी विचारलं तेही टेबल हलतं म्हणून!

ऑगस्टमध्ये मंडळाने मुंबईतून दुसऱ्याकडून वेबसाइट करून घेतली. मी वर्गातल्या संगणकावर ती उघडली. सर मागे येऊन उभे राहिले. दोन स्तंभ, तीन ओळी. सहा वाड्या. खाली काही नाही. रेघ नाही, बारीक अक्षर नाही, तसेच नाही. आमच्या गावात आता बौद्धवाडीच नव्हती.

सरांनी खिशात हात घातला, पट्टी काढली, काचेला लावली. डावीकडे. उजवीकडे.

"बसलंय," ते म्हणाले.

मी खुर्ची मागे ढकलली ती त्यांच्या पायावर आदळली. "मोजा!" मी ओरडले. "अंतर नको, वाड्या मोजा! तीस वर्षं पत्रिका छापल्यात ना? किती वाड्या आहेत आमच्या गावाला?" वर्गातली बाकीची पोरं कीबोर्डवरचे हात काढून बसली. सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. सहापर्यंत मोजून थांबले. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडले. परत वर्गात गेले नाही.

बाबांच्या ओळखीने एका सायबर कॅफेत मला कामाला घेतलं. तिथे बसून मी आमच्या वाडीचं पान केलं. फक्त आमच्या वाडीचं. एकोणीस घरं, प्रत्येक घरातल्या बाईचं आणि पुरुषाचं नाव, दोघांचंही ठळक. फुकटात जागा देणाऱ्या एका ठिकाणी ते चढवलं. मुंबईतून आमच्या पोरांचे फोन आले, दिसलं गो, दिसलं, आजीचं नाव दिसलं. आईने माझ्यासमोर बसून स्वतःचं नाव वाचलं, मग शेजारणीचं, मग एकोणीसही घरांचं.

दिवाळीनंतर सर कॅफेत आले. पान बघितलं. मी ते डाव्या कडेला लावलं होतं. नुसतं, एकाखाली एक. त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला. मी म्हटलं, "पट्टी काढायची नाही." हात खाली आला. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून कीबोर्डशेजारी ठेवलं. आत शिशाच्या खिळ्यांची एक ओळ होती, दोऱ्याने घट्ट बांधलेली. अक्षरं उलटी. मी आरशासारखं वाचायला लागले आणि 'तसेच' हा पहिलाच शब्द लागला तेव्हा हात मागे घेतला.

"काम झालं की खिळे सोडून परत आपापल्या कप्प्यात टाकायचे, असा रिवाज," सर म्हणाले. "ही ओळ कधी सोडली नाही. प्रत्येक गावाच्या पत्रिकेला लागायची. दर वर्षी नव्याने कोण जुळवणार, म्हणून बांधून ठेवली होती. आधी वाडीचं नाव दुसरं होतं. ते बदललं तेव्हा तेवढेच खिळे बदलले. सुरुवातीचा शब्द तोच ठेवला. मशीन भंगारात दिलं, हे देता आलं नाही."

"तुम्ही तर मजकूर वाचत नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडा जुळवून घडी घातली.

"सगळ्या गावांना हीच ओळ?"

"पोलादपूरकडच्या सगळ्या. महाडच्याही बऱ्याच."

म्हणजे सभेत 'कारण काय' विचारणाऱ्या या माणसाला कारण ठाऊक होतं. तीस वर्षं ते त्यांच्या फळीवर होतं, दोरा बांधून, तयार. बाबा त्याच छापखान्यात उभे राहून एकेका शब्दासाठी भांडत होते तेव्हा ते चार हातांवर पडलेलं होतं.

"शाळेत तुम्ही विचारलंत ते मग कशाला?"

"इतकी वर्षं विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी विचारलं." मग खिळ्यांची ओळ माझ्याकडे सरकवली. "तू सोड ही. तुझ्या हाताने सुटावी असं वाटतं."

मला कळलं त्यांना काय हवं आहे. मी दोरा सोडायचा, अक्षरं मोकळी करायची, आणि त्यांनी हलकं होऊन महाडच्या रस्त्याने चालायला लागायचं.

"मी नाही सोडणार," मी म्हटलं. "तुम्ही बांधलीत. तुम्ही सोडा."

त्यांनी चष्मा वर केला. गाठ शोधली. तीस वर्षांची शाई आणि रॉकेल पिऊन ती काळी आणि दगडासारखी झाली होती. त्यांनी नखाने उकलून पाहिली. नखं नेहमीसारखी बारीक कापलेली. मग दुसऱ्या हाताचं नख. मग दात लावायला ओळ तोंडाजवळ नेली आणि शिसं आहे म्हणून परत खाली घेतली. माझ्या टेबलावर कात्री होती, त्यांना दिसत होती. ती त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. कॅफेत गिऱ्हाईकं येत होती, जात होती. मी त्यांना संगणक लावून देत होते, नावं लिहून घेत होते. सर खाली मान घालून त्या गाठीशी बसले होते.